चकमकीच्या रायफलचे लॉक: बदलावे कसे आणि निगा कशी राखावी

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून हरणांच्या शिकारीचा एक असा हंगाम ठेवला जातो, ज्यात केवळ चकमकीवर चालणारी ठासणीची बंदूकच वापरता येते. नाताळानंतरच्या कडाक्याच्या थंडीत येणाऱ्या या हंगामासाठी किंवा नुसत्या नेमबाजीच्या हौसेखातर जे मराठी वाचक अशी रायफल घेतात, त्यांच्या हाती पुष्कळदा जुनी, वापरलेली बंदूक येते. तिची नळी उत्तम असते आणि लॉक मात्र थकलेले असते. हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे. उदाहरणादाखल मी थॉम्प्सन/सेंटर कंपनीची हॉकन पद्धतीची रायफल धरली आहे, कारण न्यू हॅम्पशायरमधील रॉचेस्टर येथे १९७० पासून बनलेल्या या बंदुका वापरलेल्या मालाच्या बाजारात सहज मिळतात. (सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या मूळ रायफली बहुतांशी टोपीवर, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या पर्कशन कॅपवर, चालणाऱ्या होत्या. अशा रायफलीला चकमकीचे लॉक बसवणे ही आपल्या काळातील सोय आहे, इतिहास नव्हे.)

बंदुकीच्या उजव्या अंगाला बसणारी संपूर्ण यंत्रणा म्हणजे लॉक. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की घोडा झेपावतो, गारगोटी समोरच्या पोलादी झडपेला, म्हणजे फ्रिझनला, खरवडत खाली येते, झडप उघडते आणि खालच्या वाटीतील रंजकावर, म्हणजे पेट देणाऱ्या बारीक दारूवर, ठिणग्या पडतात. रंजकाची ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे तिच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, आत शिरते आणि मुख्य बार पेटतो. या ठिणग्या दगडाच्या नसून गारगोटीने खरवडून काढलेल्या तापलेल्या पोलादाच्या कणांच्या असतात. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर पुढील निम्म्या सूचनांचे कारण आपोआप कळेल.

१. आधी कायदा आणि कागदपत्रे

अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या जुन्या बंदुका आणि त्यांच्या प्रतिकृती ‘फायरआर्म’ या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. त्यामुळे सुटे लॉक टपालाने मागवण्यास केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. राज्यांचे कायदे मात्र वेगळे असतात आणि न्यू जर्सीसारखे राज्य ठासणीच्या बंदुकीलाही परवान्याच्या कक्षेत आणते. आपण तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर बंदूक विकत घेण्यापूर्वी वकिलाला विचारावे. शिकारीसाठी राज्याचा शिकार परवाना आणि त्याआधी शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. सोबत बंदुकीच्या खरेदीची पावती व तिच्या मॉडेलची नोंद ठेवावी, कारण लॉक मागवताना तिचा उपयोग होतो.

भारतातील वाचकांसाठी एवढेच सांगतो की कोकणात पिकांच्या राखणीसाठी बाळगली जाणारी ठासणीची बंदूकसुद्धा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येते आणि बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायालाही त्याच कायद्याखाली परवाना लागतो. तेथे हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे.

२. दोष खरोखर लॉकचाच आहे का?

नवे लॉक मागवण्याची घाई करू नये. ‘लॉक बिघडले’ म्हणून आलेल्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा बोथट गारगोटीत, तेलकट झालेल्या फ्रिझनमध्ये किंवा काजळीने बुजलेल्या कानात सापडते. म्हणून पुढील क्रमाने तपासणी करावी.

गारगोटी नवी, धारदार घालावी. फ्रिझनचा पृष्ठभाग आणि गारगोटीची धार अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. कानातून बारीक तार घालून तो मोकळा करावा. इतके करूनही ठिणग्या क्षीण पडत असतील, तर फ्रिझनच्या कडेला, जेथे गारगोटी लागत नाही अशा जागी, बारीक कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस घसरत गेली तर पोलाद कठीण आहे आणि ती सहज चावली तर फ्रिझन मऊ पडली आहे. मऊ फ्रिझनला घरच्या गॅसवर तापवून पाणी देण्याचे प्रयोग नवशिक्याने करू नयेत. ती निर्मात्याकडे पाठवावी किंवा नवी घ्यावी, कारण पाणी चुकीचे बसले तर ती तडकते.

लॉक बदलण्याची खरी कारणे वेगळी असतात. टम्बलरच्या, म्हणजे घोड्याला आतून जोडलेल्या चकतीच्या, खाचा झिजल्यामुळे घोडा अर्ध्या चढीवर (अर्धा मागे ओढलेल्या, सुरक्षित स्थितीत) किंवा पूर्ण चढीवर (बार उडवण्यास तयार स्थितीत) टिकत नाही, टम्बलरचा आस लॉकच्या पाटीत, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पट्टीत, डुगडुगतो, सुटे भाग मिळेनासे झालेले असतात किंवा मूळ रचनाच मंद असते. घोडा अर्ध्या चढीवर असताना चाप ओढल्यास तो सुटत असेल, तर ती बंदूक त्याच क्षणापासून वापरातून बाजूला काढावी. त्या खाचा कानशीने ‘सुधारण्याचा’ सल्ला अनेकजण देतात. मी तो देणार नाही. खाचेचा कोन अंशमात्र बदलला तरी घोडा धक्क्याने सुटू शकतो आणि कठीण केलेला वरचा थर एकदा घासून गेला की आतील मऊ धातू झपाट्याने झिजतो.

३. हत्यारे आणि साहित्य

स्क्रूच्या खाचेत नेमके बसतील असे, बाजू समांतर घासलेले पेचकस, मुख्य स्प्रिंग दाबून धरण्याचा छोटा व्हाइस, पितळी पंच व हलकी हातोडी, धारदार अरुंद पटाश्या आणि तासण्या, बारीक कानशी, ड्रिल, आटे पाडण्याचा योग्य मापाचा टॅप आणि त्याचे तेल, तेलात कालवलेले काजळ, गारगोटीला गुंडाळण्यासाठी पातळ चामडे, जबड्यात धरण्यासाठी गारगोटीच्या आकाराचा लाकडाचा तुकडा, आणि डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा. स्प्रिंगचा व्हाइस महाग वाटला तरी घ्यावाच. पक्कडीने दाबलेली इंग्रजी व्ही आकाराची स्प्रिंग एका बाजूला पिळवटते आणि काचेसारखी मोडते.

४. बंदूक रिकामी आहे याची खात्री

येथे एक सापळा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या शिकार कायद्यात वाटीतील रंजक काढून टाकले की चकमकीची बंदूक ‘न भरलेली’ मानली जाते. ती व्याख्या वाहतुकीपुरती ठीक आहे. कामाच्या टेबलावर मात्र तिचा काहीही उपयोग नाही, कारण नळीत दारू आणि गोळी तशीच असू शकते. वापरलेली बंदूक घेतली असेल, तर आधीच्या मालकाने ती भरून ठेवून दिलेली असण्याची शक्यता नेहमी धरावी.

गज नळीत तळापर्यंत घालावा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी. मग तो बाहेर काढून नळीशेजारी, खूण तोंडाशी जुळेल असा धरावा. गजाचे टोक कानाच्या छिद्राजवळ पोहोचले तर नळी रिकामी आहे. ते दीड-दोन बोटे अलीकडेच थांबले तर आत बार आहे असे समजावे आणि तो जाणकाराकडून काढून घ्यावा.

५. जुने लॉक उतरवणे

घोडा अर्ध्या चढीवर ठेवावा. डाव्या अंगाकडून लॉकला धरणारा एक किंवा दोन बोल्ट असतात. ते एकदम पूर्ण काढू नयेत. दोन-तीन फेरे सैल करावेत आणि बोल्टाच्या डोक्यावर पेचकसाच्या लाकडी मुठीने हलके ठोके देऊन लॉक सरळ बाहेर ढकलावे. पेचकस पाटीच्या कडेखाली घालून उचकटल्यास लॉक ज्यात बसते त्या लाकडी दस्त्यातील खोबणीची कड हमखास फुटते आणि अक्रोडाच्या लाकडाची ती कपची पुन्हा जुळवणे हे लॉक बसवण्यापेक्षा अवघड काम होऊन बसते.

लॉक हातात आल्यावर घोडा पुन्हा पुन्हा सोडून पाहण्याचा मोह आवरावा. घोडा खाली आणायचाच असेल, तर अंगठ्याने धरून हळूच आणावा.

६. नवे लॉक निवडणे

दोन मार्ग आहेत. दक्षिण कॅरोलायनातील सम्टर येथील एल अँड आर ही कंपनी थॉम्प्सन/सेंटर, लायमन वगैरे कारखानी रायफलींसाठी खास बदली लॉक बनवते. त्यांची पाटी मूळ पाटीच्या बेताची ठेवलेली असते. दुसरा मार्ग म्हणजे सायलर किंवा तत्सम, लांब रायफलींसाठी बनवलेले लॉक. अठराव्या शतकात लँकेस्टर परगण्यातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी ज्या लांब रायफली घडवल्या, त्या धाटणीच्या नव्या बंदुकांवर ही लॉक शोभतात. कारखानी दस्त्यावर ती बसवायची, तर जुन्या खोबणीत लाकडाची भर घालावी लागते. पहिल्याच खेपेला बदली लॉकच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बदली लॉक ‘जसेच्या तसे बसेल’ असे विक्रेता म्हणाला, तरी थोडे लाकूड काढावे लागेल असे धरून चालावे. मूळ थॉम्प्सन/सेंटर लॉकमध्ये गुंडाळीची स्प्रिंग असते आणि नव्यात व्ही आकाराची सपाट स्प्रिंग येते. ती वेगळी जागा मागते. मागवण्यापूर्वी जुन्या पाटीची रेघ कागदावर काढून, बोल्टाच्या छिद्राचे व वाटीच्या मध्याचे स्थान त्यावर नोंदवून ठेवावे आणि ते निर्मात्याने दिलेल्या मापांशी ताडून पाहावे.

७. खोबणीत बसवणे

सगळ्या कामात वेळ खाणारा आणि समाधान देणाराही हाच टप्पा आहे. नळी दस्त्यात पक्की बसवूनच तो करावा, कारण लॉक लाकडात कसे बसले यापेक्षा नळीला कसे टेकले याला अधिक महत्त्व आहे.

प्रथम नव्या लॉकचे आतील भाग, म्हणजे मुख्य स्प्रिंग, सिअर (टम्बलरच्या खाचेत अडकणारा, चापाने सुटणारा खटका), त्याची स्प्रिंग आणि ब्रायडल (टम्बलरला आतून आधार देणारी पट्टी), उतरवून ठेवावेत आणि नुसती पाटी बसवून पाहावी. तिच्या कडांना व मागच्या बाजूला काजळाचा अगदी पातळ हात द्यावा, ती खोबणीत सरळ दाबावी आणि काढावी. लाकडावर जेथे काळा डाग उमटला, तेथेच अडथळा आहे. तेवढाच डाग पटाशीने कागदाइतका पातळ तासावा आणि पुन्हा काजळ लावून पाहावे. ही आवर्तने कंटाळवाणी वाटतात. एकाच दमात जास्त लाकूड काढले, तर मात्र पाटीभोवती कायमची फट राहते. काजळ जाड लावल्यास सगळीकडे डाग उठतात आणि काहीच कळत नाही.

पाटी बसली की एकेक आतील भाग परत जोडत त्याच रीतीने त्याची जागा करावी. मुख्य स्प्रिंगला हालचालीसाठी मोकळीक हवी. ती लाकडाला घासत असेल तर घोडा मंद पडतो आणि दोष गारगोटीला दिला जातो. मोकळीक देतानाही खोबण उगाच पोकळ करू नये, कारण त्या ठिकाणी दस्त्याच्या भिंती पातळ असतात.

आता नळीशी असलेला संबंध तपासावा. वाटीची आतील बाजू नळीच्या सपाट अंगाला पूर्ण लांबीभर टेकली पाहिजे. तेथे फट राहिली तर रंजक आत झिरपते, खोबणीत साठते आणि एखाद्या बाराला तेथेच पेट घेते. ती जागा नळीला टेकली असताना पाटीचे मागचे टोक लाकडाबाहेर राहत असेल, तर खोबण आणखी खोल करावी. ते आत गेले असेल, तर फार खोल तासले गेले असे समजावे. कानाचे छिद्र वाटीच्या लांबीच्या मध्याशी आणि साधारण तिच्या वरच्या कडेच्या पातळीत यावे. ते पुढे-मागे सरकलेले दिसले, तर छिद्र मोठे करण्याचा विचारही करू नये. त्याचा व्यास सहसा १/१६ ते ५/६४ इंच असतो आणि तो वाढला की दाबाचा झोत बाहेर येऊ लागतो. अशा वेळी लॉकची जागाच पुन्हा तपासावी.

८. बोल्ट आणि चाप

नव्या पाटीत बोल्टाचे छिद्र नसेल, तर लॉक जागेवर घट्ट दाबून धरून डाव्या बाजूच्या जुन्या छिद्रातून खूण करावी. भोक पाडण्याआधी ती खूण टम्बलर, ब्रायडल किंवा स्प्रिंगच्या वाटेत येत नाही ना, हे पाटी उलटी करून पाहावे. जुन्या बोल्टाचे आटे मोजून त्याच मापाचा टॅप वापरावा. टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा, तेल घालत चालवावा. बोल्ट गच्च आवळू नयेत, कारण अति आवळल्याने पाटी वाकते आणि टम्बलर अडकतो. आवळण्यापूर्वी आणि नंतर घोडा हाताने हलवून पाहिला, तर हा दोष लगेच लक्षात येतो.

हॉकन पद्धतीच्या रायफलीला बहुधा दोन चाप असतात. मागचा चाप चढवला की पुढचा अगदी हलक्या स्पर्शाने सुटतो. अशा चापांसाठी टम्बलरवर ‘फ्लाय’ नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा सुटा तुकडा लागतो. घोडा खाली येताना सिअर अर्ध्या चढीच्या खाचेत अडकू नये, हे त्याचे काम. लॉक उघडताना तोच सर्वांत आधी हरवतो, म्हणून पांढऱ्या कापडावरच काम करावे.

लॉक बसवल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. चापाच्या पात्याचा दाब सिअरवर सतत पडता कामा नये. दोन्हींमध्ये किंचित मोकळीक हवी, अन्यथा घोडा पूर्ण चढीवर नीट टिकणार नाही. अर्ध्या चढीवर चाप जोराने ओढला तरी घोडा सुटू नये. पूर्ण चढीवर असताना दस्त्याला रबरी हातोडीचा ठोका दिला तरी तो हलू नये. या चाचण्यांत जबड्यात लाकडाचा तुकडा धरावा, म्हणजे फ्रिझन विनाकारण झिजत नाही. दाब काढायचा झाल्यास चापाच्या पात्यावरून थोडे घासावे, सिअरला कानस लावू नये. चाप सिअरपर्यंत पोहोचतच नसेल, तर ते काम बंदूक-कारागिराचे आहे.

९. गारगोटी बसवणे आणि अंधारातील चाचणी

गारगोटीची रुंदी फ्रिझनपेक्षा किंचित कमी असावी, म्हणजे ती नळीला घासत नाही. इंग्लंडमधील सफक परगण्यातील ब्रँडन गावची काळी गारगोटी आणि फ्रान्सची मधाळ रंगाची गारगोटी या दोन्ही प्रसिद्ध आहेत. दोन्ही चांगल्या चालतात, तेव्हा त्यांच्या श्रेष्ठतेच्या वादात पडू नये. चामड्याची घडी मागच्या बाजूला ठेवून, तिच्यात जबड्याच्या स्क्रूसाठी खाच कापावी. धार फ्रिझनच्या पृष्ठभागाला समांतर हवी. एकच कोपरा आधी टेकत असेल तर तो तुटतो. अर्ध्या चढीवर, झडप बंद असताना, धार फ्रिझनच्या अगदी जवळ असावी पण तिला टेकू नये.

मग नळी रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून, वाटीत काहीही न घालता, अंधाऱ्या खोलीत चाप ओढावा. पिवळसर-पांढऱ्या ठिणग्यांचा झुबका थेट वाटीत पडला पाहिजे. त्या वाटीपुढे उडत असतील, तर गारगोटीची लांबी किंवा तिच्या उतरत्या अंगाची दिशा बदलून पाहावी, म्हणजे ते अंग कधी वर, कधी खाली करावे. फ्रिझन शेवटी पूर्ण उघडून नळीच्या तोंडाकडे पडली नाही, तर तिची स्प्रिंग फार ताठ आहे. फ्रिझनवर एकाच जागी खोल चर पडत असेल, तर गारगोटी खरवडत नसून आदळते आहे.

१०. पहिला बार

दारू खरी काळी दारूच असावी. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूंना पेटण्यासाठी जास्त तापमान लागते आणि चकमकीच्या बंदुकीत त्या भरवशाच्या नाहीत. बिनधुराची आधुनिक दारू तर कधीही, अगदी चिमूटभरही, वापरू नये. तिच्या दाबाने नळी फुटते. रंजकासाठी अतिबारीक म्हणजे चार ‘एफ’ची दारू घ्यावी आणि वाटी अर्ध्याहून कमी भरावी. उजव्या बाजूला कोणी उभे राहू देऊ नये, कारण कानातून निघणारा झोत तिकडेच जातो. चष्मा सगळ्यांनी घालावा. रंजक पेटले आणि बार उडाला नाही, तर नळी निशाणाच्या दिशेनेच धरून किमान एक मिनिट थांबावे. दारूचा डबा घेऊन विमानाने प्रवास करता येत नाही, हेही दूरच्या स्पर्धांना जाणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

११. नेहमीची निगा

काळ्या दारूची राख हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्या ओल्या थराखाली पोलाद गंजते. म्हणून बंदूक वापरली त्याच दिवशी लॉक उतरवून साफ करावे, सकाळवर टाकू नये. कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना दात घासण्याचा ब्रश पुरेसा आहे. वाटीचा खालचा कोपरा, फ्रिझनच्या बिजागराची जागा आणि घोड्याचा जबडा येथे राख दडून राहते. पूर्ण वाळवावे, हवे तर केस वाळवण्याच्या यंत्राने. नंतर टम्बलरचा आस, सिअरचे टोक, मुख्य स्प्रिंग जेथे टम्बलरला टेकते ती जागा आणि फ्रिझनचा पाय या ठिकाणी पातळ तेलाचा एकेक थेंब द्यावा. थंडीच्या हंगामात जाड ग्रीस वापरू नये, कारण ते घट्ट होऊन घोडा मंदावतो. फ्रिझनचा तोंडाकडचा पृष्ठभाग आणि गारगोटी मात्र कोरडीच राहू द्यावी.

नळी धुताना कानात लाकडी काडी खोचावी, म्हणजे घाण पाणी लॉकच्या खोबणीत उतरत नाही. खोबणीतील उघड्या लाकडाला एकदा वार्निशचा किंवा मेणाचा पातळ हात दिला, तर ते ओल धरत नाही.

संपूर्ण उघडणी वर्षातून एखाद्या वेळेस पुरते. घोडा पूर्ण चढवावा, मुख्य स्प्रिंग व्हाइसने पकडावी, घोडा अंगठ्याने धरून खाली आणावा आणि मग स्प्रिंग काढावी. त्यानंतर सिअरची स्प्रिंग, सिअर, ब्रायडल, घोडा आणि शेवटी टम्बलर. टम्बलर घोड्यातून सोडवताना पितळी पंच वापरावा. प्रत्येक स्क्रू त्याच्याच छिद्रात परत जायला हवा, म्हणून लॉकचे चित्र पुठ्ठ्यावर काढून त्यात स्क्रू खोचून ठेवावेत. जोडणी याच्या उलट क्रमाने होते.

गारगोटी बोथट झाली की दर वेळी टाकून देण्याची गरज नाही. तिच्या धारेवर छोट्या पितळी हातोडीने हलके ठोके देऊन कपच्या उडवता येतात. हे काम मोकळ्या हवेत आणि चष्मा घालून करावे, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे. बंदूक ठेवून देताना घोडा उतरवून ठेवावा, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही. सोबतच्या पिशवीत दोन-तीन गारगोट्या, चामड्याचा तुकडा, कानात घालायची तार आणि जबड्याच्या स्क्रूचा पेचकस असला की जंगलात अडून बसावे लागत नाही. नव्या लॉकचे मॉडेल आणि खरेदीची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच पिशवीत ठेवावी. पुढे फ्रिझन किंवा स्प्रिंग मागवताना निर्माता सर्वप्रथम तेच विचारतो.